स्पेनच्या किनाऱ्यावरचे रोमन अवशेष: सासूबाई, दोन मुले आणि नऊ दिवस

टिळकवाडीची सून

नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण स्पेनला जाण्याच्या विचारात आहोत. माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त बार्सिलोनात राहतात, परंतु त्यांचे घर लहान असल्यामुळे तिथे दोन रात्री काढून उरलेले सात दिवस किनाऱ्याने फिरावे, असे ठरत आहे. बरोबर मी, माझे यजमान, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, आठवीतली मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा, असा लवाजमा आहे.

मागच्या दिवाळीत आम्ही हलशीला गेलो होतो. भूवराह नरसिंहाचे देऊळ पाहिल्यापासून मुलीच्या डोक्यात जुन्या दगडांनी घर केले आहे. कदंब राजांवरून ती हत्ती घेऊन रोमवर चालून गेलेल्या कार्थेजच्या हॅनिबल या सेनापतीपर्यंत कशी पोहोचली, ते मला अजून नीट उमगलेले नाही, पण सध्या तिच्या वहीत हत्तींची चित्रे आणि रोमन आकडे आहेत. यजमानांनी तिच्या उत्साहात भर घालून एक यादी तयार केली आहे: एम्पुरिएस, तारागोना, सागुंतो, कार्ताहेना आणि शेवटी थेट दक्षिणेला बाएलो क्लाउदिया. सात दिवसांत पाच ठिकाणे. मुलाला यातले काहीच नको, त्याला फक्त समुद्र हवा आहे. सासूबाईंनी यादी ऐकून एवढेच विचारले, "पडक्या भिंती बघायला एवढ्या लांब कशाला जायचं ग? इथला किल्ला तरी नीट बघून झालाय काय तुमचा?" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

मला विचारायचे आहे ते असे, की या पाचांपैकी काय ठेवावे आणि काय सोडावे? सासूबाईंच्या गुडघ्यांना चढउतार फारसा सोसत नाही. शिवाय त्या माळकरी आहेत, त्यामुळे मासे, मटण, अंडे काहीच चालत नाही. कागदपत्रांचीही धास्ती आहे, कारण आमचे अर्धे कागद कन्नडमध्ये आहेत. इथल्या कोणी सहकुटुंब हा प्रवास केला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

अनगोळचे मास्तर

ताई, यजमानांची यादी नकाशावर फार सुंदर दिसत असेल, परंतु लहान मूल आणि गुडघे दुखणारी आई बरोबर असताना ती पाळायची म्हटली, तर रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि रोज रात्री उघडायच्या, एवढेच काय ते होईल. बाएलो क्लाउदिया जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर, तारिफा गावाजवळ आहे आणि बार्सिलोनापासून रस्त्याने हजार किलोमीटरहून दूर आहे. बेळगावात उतरलेल्या पाहुण्याला आपण "जाता जाता कन्याकुमारी करून या" असे सांगत नाही. जागा अप्रतिम आहे, यात शंका नाही. समुद्राच्या अगदी काठावर मासे खारवण्याच्या दगडी टाक्या आहेत, तिथे ट्यूना मासा मिठात मुरवला जाई आणि माशांपासून होणारा गारुम नावाचा रस साऱ्या साम्राज्यात विकला जाई. पण तो प्रवास सेव्हिल आणि कादिझ यांच्याबरोबर वेगळा करावा. कार्ताहेनालाही याच कारणासाठी मी फुली मारीन, जरी तिथले रोमन नाट्यगृह 1988 मध्ये घरांच्या वस्तीखाली सापडले आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी असली तरी.

तुम्ही तारागोनात चार रात्री राहावे, असे माझे मत आहे. दोन वर्षांपूर्वी मी आणि सौभाग्यवती मुलाकडे गेलो होतो, तेव्हा आम्हीही अशीच लांबलचक यादी नेली होती आणि तिसऱ्या दिवशी ती खिशातून काढून टाकली. बार्सिलोना ते तारागोना हे अंतर जवळपास 100 किलोमीटर, म्हणजे आपले बेळगाव-कोल्हापूर धरा. साध्या प्रादेशिक रेल्वेने तासा-सव्वातासात पोहोचता येते आणि वाटेत बराच वेळ समुद्र खिडकीशीच असतो. एक मात्र पक्के ध्यानात ठेवा: वेगवान गाडीचे 'कांप दे तारागोना' हे स्थानक शहरापासून दहा-बारा किलोमीटर बाहेर, माळावर आहे. नाव वाचून फसू नका, शहरातल्या जुन्या स्थानकाचेच तिकीट काढा.

या शहराचे रोमन नाव तार्राको. ख्रिस्तपूर्व 218 मध्ये हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलीकडे निघालेला असताना त्याची पाठीमागची रसद तोडण्यासाठी रोमनांनी स्पेनमध्ये सैन्य उतरवले आणि इथे तळ ठोकला. त्या तळाचेच पुढे प्रांताच्या राजधानीचे शहर झाले. तुमच्या मुलीला तिचे हत्ती प्रत्यक्ष इथे भेटणार नाहीत, पण त्या हत्तींच्या भीतीने उभे राहिलेले शहर भेटेल. तटाच्या पायथ्याला जे अवाढव्य, फारसे न घडवलेले दगड आहेत ते पाहण्यासारखे आहेत. एकेक दगड बैलगाडीत मावणार नाही एवढा. त्यांच्यावर रचलेल्या घडीव चिऱ्यांवर काही ठिकाणी पाथरवटांच्या खुणा आहेत आणि त्या लॅटिन अक्षरांच्या नसून तिथल्या मूळ इबेरियन लिपीतल्या आहेत. म्हणजे नकाशा रोमनांचा, हात स्थानिकांचे. मुलीला वहीत उतरवून घ्यायला सांगा, मीही उतरवून आणल्या आहेत.

सर्वांत जास्त वेळ ॲम्फिथिएटरला द्या. दुसऱ्या शतकात बांधलेले हे लांबट गोल प्रेक्षागृह समुद्राच्या दिशेने उतरणाऱ्या टेकडीतच कोरून-बांधून काढले आहे. साधारण 130 मीटर लांब आणि 102 मीटर रुंद आहे. वरच्या पायरीवर बसले, की खाली रिंगण, त्यापलीकडे रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे निळा समुद्र, असे एकाखाली एक दिसते. सौभाग्यवती तिथे सावली धरून बसल्या आणि खालून मालगाडी गेली तेव्हा सवयीने मोबाईल काढून डबे मोजू लागल्या. माझे लक्ष मात्र रिंगणाच्या मधोमध असलेल्या पायाच्या ओळींवर खिळले होते. 259 साली याच रिंगणात फ्रुक्तुओसुस नावाच्या ख्रिस्ती बिशपला त्याच्या दोन सहकाऱ्यांसह जिवंत जाळण्यात आले. पुढे साम्राज्याचाच धर्म बदलला, तेव्हा सहाव्या शतकात नेमक्या त्याच जागी त्यांच्या स्मरणार्थ चर्च बांधले गेले, आणि त्या चर्चच्या पायावर बाराव्या शतकात दुसरे. तिथे उभे राहिल्यावर एकाच नजरेत रिंगण, पहिल्या चर्चचा पाया आणि दुसऱ्या चर्चच्या भिंती दिसतात. ज्याला दगड वाचण्याची गोडी आहे, त्याच्यासाठी याहून सोपे पान मला ठाऊक नाही.

मुलाला कंटाळा येऊ लागला, तर त्याला ऑगस्टसची गोष्ट सांगा. हा पहिला रोमन सम्राट आजारपणामुळे काही काळ तार्राकोत राहिला होता. पुढे गावकऱ्यांनी त्याच्या नावाची वेदी उभारली. काही काळाने त्या वेदीवर ताडाच्या जातीचे झाड उगवले, आणि मोठा शुभशकुन झाला म्हणून गावकरी त्याला वर्दी द्यायला गेले. सम्राट म्हणाला, म्हणजे तुम्ही त्या वेदीवर अग्नी किती वेळा पेटवता ते कळले. ही हकीकत क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाने नोंदवून ठेवली आहे. गंमत अशी, की गावकऱ्यांना टोमणा कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी मनावर घेतला नाही, कारण त्यांनी ते झाड आपल्या नाण्यांवर छापले.

गुडघ्यांविषयी खरे ते लिहितो. रेल्वेस्थानक खाली समुद्राला लागून आहे आणि जुने शहर वर टेकडीवर. बॅगा घेऊन चढू नका, टॅक्सी करा, आणि राहण्याची जागा वरच्या भागातच घ्या, म्हणजे तट, कथीड्रल, सर्कशीची भुयारे हे सारे जवळ येईल. सर्कस म्हणजे रथांच्या शर्यतींचे मैदान. पहिल्या शतकाच्या अखेरचे हे मैदान सव्वातीनशे मीटर लांब होते, आणि आजच्या घरांची व दुकानांची कित्येक तळघरे म्हणजे त्याच्याच कमानी आहेत. तटालगतची फिरण्याची वाट बेताची आहे, सासूबाईंना जमेल. ॲम्फिथिएटरच्या आत मात्र उतार आणि पायऱ्या आहेत, परंतु वरच्या बागेच्या कठड्यावरूनही ते संपूर्ण दिसते, तेव्हा त्या वर बसल्या तरी काही बिघडत नाही.

एक सकाळ 'सैतानाच्या पुला'साठी ठेवा. हा पूल माणसांसाठी नव्हे, पाण्यासाठी होता: शहराला पाणी आणणाऱ्या रोमन कालव्याने ओढा ओलांडावा म्हणून बांधलेली दोन मजली कमानींची रांग. लांबी सुमारे 249 मीटर, उंची 27 मीटर, खाली 11 कमानी, वर 25, आणि एवढे सगळे चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड बसवून. शहरापासून चारेक किलोमीटर, शहरबस जाते. वरच्या अरुंद पाटातून माणसे चालतात, परंतु सहा वर्षांच्या मुलाचा हात घट्ट धरूनच चाला. आपल्याकडे जुने देऊळ दिसले की पांडवांनी एका रात्रीत बांधले असे सांगतात, तसे तिथले लोक हा पूल सैतानाने बांधला म्हणतात, आणि मोबदल्यात त्याला माणसाच्या आत्म्याऐवजी गाढवाचा आत्मा घेऊन परतावे लागले, अशीही पुस्ती जोडतात.

शहापूरची माहेरवाशीण

मास्तरांनी दगडांचे सांगितले, मी पोटाचे आणि कागदांचे सांगते.

कागद आधी. स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून हा एकच व्हिसा) शुल्क जून 2024 पासून मोठ्यांसाठी 90 युरो आहे. सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांसाठी 45 युरो, म्हणजे तुमच्या मुलाचे अर्धे तिकीट. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, आणि मे महिना हा गर्दीचा असल्यामुळे अर्ज देण्याची तारीख मिळवण्यासाठी फेब्रुवारीतच मागे लागा. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत.

आता सीमाभागाचे खास दुखणे. माझ्या पासपोर्टवर जन्मस्थान 'बेळगाम' आहे, आधारवर 'बेळगावी', लग्नाच्या दाखल्यावर तिसरेच काहीतरी. शहराचे नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृतपणे बदलले, त्यामुळे आपल्या पिढीत हा घोळ घरोघरी आहे. अर्जात जसेच्या तसे पासपोर्टवरचे स्पेलिंग भरा आणि बाकीच्या कागदांतल्या फरकाचा खुलासा करणारे एक साधे पत्र जोडा. मी पहिल्या खेपेला शहाणपणा करून अर्जात नवे नाव लिहिले आणि खिडकीवरून परत आले, पुन्हा अर्ज भरून दुसऱ्या दिवशी जावे लागले. सासऱ्यांच्या नावावरचा शेतीचा पहाणी उतारा कन्नडमध्ये होता, त्याचे इंग्रजी भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून लावले. मराठी घर, कन्नड उतारा, इंग्रजी भाषांतर आणि तो वाचणार स्पॅनिश माणूस! सासरे म्हणाले, या जमिनीला आता चार भाषा येतात. तुम्ही दिरांकडे उतरणार आहात, तेव्हा त्यांच्याकडून काय कागद लागेल ते अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच ठरवा, कोणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

दुसरे, दिरांसाठी कुंदा नेऊ नका. मला ठाऊक आहे की न्यावासा वाटेल. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणता येत नाहीत आणि कुंदा म्हणजे नखशिखांत खवा. आमचा एक किलोचा डबा विमानतळावर काढून ठेवावा लागला. त्या अधिकाऱ्याने झाकण उघडून वास घेतला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर द्विधा मनःस्थिती दिसली, असे माझे यजमान अजून सांगतात. कडबोळी, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, मेतकूट हे निर्धास्त न्या.

सासूबाईंच्या जेवणाची काळजी करावी लागेल, परंतु घाबरण्यासारखे नाही. तिथे 'मांस नको' म्हटले तर मासा येतो, आणि 'मांस-मासा नको' म्हटले तर अंडे येते. तोर्तिया नावाने जी पोळीसारखी दिसते ती बटाटा घालून केलेली अंड्याची जाड पोळी आहे, हे आधीच सांगून ठेवा. पण पावाच्या भाजलेल्या तुकड्यावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल आणि मीठ घातलेला 'पा आंब तुमाकेत' त्यांना आवडेल. निखाऱ्यावर भाजून सोललेली वांगी आणि ढोबळी मिरची, ज्याला ते 'एस्कालिवादा' म्हणतात, ती तर आपल्या भरताची मावसबहीण आहे, फक्त फोडणी विसरलेली. तारागोनाच्या बाजूचा 'रोमेस्को' मागा: बदाम किंवा हेझलनट, लसूण, भाजलेला टोमॅटो आणि वाळवलेली लाल मिरची वाटून केलेली चटणी. तिखट नसते, त्यामुळे आपल्याला ती मीठ विसरल्यासारखी वाटते, पण वाटणाचा पोत ओळखीचा आहे.

जेवणाच्या वेळा मात्र आपल्या पोटाला मानवत नाहीत. बऱ्याच ठिकाणी रात्रीचे जेवण साडेआठ-नऊच्या आधी सुरूच होत नाही. मेमध्ये त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे पहिले दोन दिवस सासूबाईंना मध्यरात्री जेवायला बसवल्यासारखे होईल. म्हणून स्वयंपाकघर असलेली भाड्याची जागा घ्या आणि एक छोटा कुकर न्या. माझ्या सासूबाईंनी तिथल्या बाजारातली मसूर आणून आमटी केली, त्या दिवसापासून त्यांचा स्पेनविषयीचा अभिप्राय सुधारला.

निपाणीकर

मास्तरांचा तारागोनाचा आग्रह मान्य, पण एम्पुरिएस यादीतून गुपचूप गळले, त्याला माझी हरकत आहे. ज्यांच्याबरोबर मुले आहेत त्यांनी प्रथम तिथेच जावे, कारण अवशेष आणि वाळू यांच्यामध्ये फक्त एक पायवाट आहे. वहिनी, तुमच्या मुलाचा समुद्र आणि मुलीचे दगड दोन्ही एकाच जागी मिळणारी दुसरी जागा त्या बाजूला क्वचितच असेल.

हे शहर रोमनांच्याही आधीचे. आजच्या फ्रान्समधल्या मार्सेय भागात वसलेल्या ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात ते वसवले आणि नाव ठेवले एम्पोरियन, म्हणजे चक्क 'पेठ'. आपली गावे जशी पेठेच्या नावाने ओळखली जातात तसे. हॅनिबलच्या युद्धात रोमनांचे जे सैन्य स्पेनमध्ये उतरले, ते ख्रिस्तपूर्व 218 मध्ये याच बंदरावर उतरले, तारागोनाला ते नंतर गेले. तेव्हा तुमच्या मुलीच्या वहीचे पहिले पान एम्पुरिएसचे असायला हवे. खाली ग्रीक वस्ती, गल्ल्या, पाण्याच्या टाक्या, वैद्यकदेवता ॲस्क्लेपिअसची मूर्ती 1909 मध्ये जिथे सापडली ती जागा, आणि वर टेकाडावर रोमनांचे आखीव, चौकोनी शहर. ग्रीक घराच्या एका जमिनीवर लहान लहान खड्यांत ग्रीक अक्षरे बसवलेली आहेत, 'हेदुकोइतोस', म्हणजे साधारण 'सुखाने टेका'. जेवणाच्या दालनाच्या उंबऱ्याशी हे लिहिणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. समुद्रकिनाऱ्यावर ग्रीकांच्या बंदराचा दगडी धक्का अजून उभा आहे आणि त्याच्या सावलीत लोक टॉवेल पसरून लोळतात. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकची ज्योत ग्रीसहून आली, तीही इथेच उतरवली होती.

अडचण एकच, लेस्काला या जवळच्या गावाला रेल्वे नाही, बार्सिलोनाहून बसने जावे लागते, अंतर 140 किलोमीटरच्या आसपास. जागेवर सावली कमी आणि वाटा खडीच्या. सकाळी लवकर जा. गावात खारवलेल्या अँचोव्ही माशांचा धंदा पिढ्यान्पिढ्या चालतो, सासूबाईंना त्या गल्लीतून नेऊ नका.

सागुंतोविषयी थोडक्यात. हॅनिबलने ख्रिस्तपूर्व 219 मध्ये आठ महिने वेढा घालून हे गाव घेतले आणि त्यातूनच युद्ध पेटले, म्हणून मुलीला जावेसे वाटणारच. पण किल्ला उंच टेकडीवर जवळजवळ एक किलोमीटर पसरलेला आहे. तुमच्या घरच्या गुडघ्यांसाठी तो नाही. खालच्या रोमन नाट्यगृहावर 1990 च्या सुमारास नव्या विटा-दगडांचे इतके बांधकाम केले गेले की प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. रेंगाळलेल्या दाव्यांचे अप्रूप निपाणीच्या माणसाला काय असणार, ते सोडा.

टिळकवाडीची सून

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना तुमचे प्रतिसाद मोठ्याने वाचले. यजमानांनी बाएलो क्लाउदिया आणि कार्ताहेना स्वतःच्या हाताने खोडले, सागुंतोवर मात्र मुलीने अर्धा तास वाद घातला. निपाणीकरांनी वर्णन केलेला उंबरा तिला इतका आवडला की सकाळी तिच्या खोलीच्या दारावर 'सुखाने टेका' असा कागद चिकटलेला होता.

आता दोन शंका उरल्या आहेत. लेस्कालात दोन रात्री राहून मग तारागोनाला चार रात्री गेलो, तर मुलासाठी पोहण्यासारखा समुद्र मेमध्ये असतो का? आणि जाण्यापूर्वी मुलीची इथल्या इथे काही तयारी करून घेता येईल का? तिच्या शाळेतल्या पुस्तकात रोमन साम्राज्याला दीड पान आहे.

हलशीकडचा

पाण्याचे आधी सांगतो. मे महिन्यात तिथला समुद्र सतरा-अठरा अंशांचा असतो. वेंगुर्ल्याच्या किंवा कारवारच्या पाण्याची सवय असलेल्या मुलाने धावत जाऊन पाय बुडवला, की तो तितक्याच वेगाने परत येईल. वाळूत किल्ले बांधायला मात्र हवा उत्तम असते. तारागोनाहून रेल्वेने जवळच आल्ताफुल्या नावाचे गाव आहे. तिथे 'एल्स मुन्त्स' या रोमन श्रीमंताच्या किनारी वाड्याचे अवशेष आहेत, त्याची स्नानगृहे समुद्राकडे तोंड करून आहेत आणि खाली लांबच लांब पुळण आहे. तारागोनाचे जे अवशेष 2000 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांतच हा वाडा मोडतो. मुलाची दुपार तिथे काढा.

मुलीच्या तयारीसाठी माझ्याकडे एक नेमके उत्तर आहे: तिला कोल्हापूरला न्या. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1940 च्या दशकात उत्खनन झाले, त्यात सातवाहनकालीन वस्ती आणि रोमन वस्तू मिळाल्या. त्यांतली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. वीतभरच आहे. एक हात उंचावलेला, जणू त्यात कधीकाळी त्रिशूळ होता. जो समुद्र तुम्ही विमानाने ओलांडून पाहायला निघालात, त्या समुद्राचा देव दोन हजार वर्षांपूर्वी गलबतात बसून कोकणात उतरला आणि घाट चढून पंचगंगेवर आला. बैलाच्या पाठीवरून आला असेल बहुधा. तारागोनातले पुतळे आणि मोझाइक पाहताना मुलीला हा ओळखीचा माणूस वाटेल.

तुमच्या सासूबाईंच्या टोमण्यालाही उत्तर देऊन टाका. आपल्या वडगाव-माधवपुरातही सातवाहन काळातील वस्तीचे उत्खनन झालेले आहे, म्हणजे तार्राकोत रथ पळत होते त्या शतकांत बेळगावच्या वेशीवरही विटांची घरे होती. आज तिथून जाताना शंभरातल्या नव्वदांना ते ठाऊक नसते. किल्ल्यातले कमल बस्ती हे जैन मंदिरही दाखवा, 1204 सालचे आहे, छतातले दगडी कमळ मान वर करून नीट पाहायला सांगा.

आणखी एक, मास्तरांनी सांगितले नाही म्हणून. तारागोनाच्या बाहेर 'एल मेदोल' नावाची रोमन दगडखाण आहे. आमच्या घरात दोन पिढ्या दगडफोडीचा व्यवसाय होता म्हणून मी मुद्दाम गेलो. खाणीच्या मधोमध दगडाचा एक सुळका जसाच्या तसा ठेवला आहे, सोळा मीटर उंच. जमीन मुळात कुठवर होती आणि किती खोल दगड काढला, ते त्या सुळक्यावरून कळते. आमचे आजोबा मुरुमाच्या खाणीत मातीचा असाच बुटका खांब राखून ठेवत, मापाचे पैसे घेताना तो पुरावा असे, आणि हिशेब मिटला की पाडून टाकत. रोमनांचा हिशेब बहुधा मिटायचा राहिला.

अनगोळचे मास्तर

निपाणीकरांची हरकत मान्य. एम्पुरिएस गाळणे हा माझा आळस होता, त्या बाजूला बसने जायचा कंटाळा आला होता, हे कबूल करतो.

ताई, दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्या. तारागोनातली बहुतेक रोमन स्थळे सोमवारी बंद असतात आणि रविवारी दुपारनंतरही बरेच काही मिटते, म्हणून शहर बदलण्याचा दिवस सोमवार ठेवा. मे महिन्यात तिथे 'तार्राको व्हिवा' हा रोमन महोत्सव असतो. माणसे रोमन वेशात येऊन सैन्याची कवायत, स्वयंपाक, शस्त्रे सारे करून दाखवतात. तारखा पाहून जुळवता आले तर मुलगा समुद्र विसरेल. मात्र त्या दिवसांत राहण्याच्या जागा लवकर भरतात.

आणि भाषेचे. तिथल्या पाट्या आधी कातालान या स्थानिक भाषेत, मग स्पॅनिशमध्ये, मग जमले तर इंग्रजीत असतात. पहिल्या दुकानात मी मोठ्या तयारीने स्पॅनिशमध्ये 'ग्रासियास' म्हणालो, म्हातारीने हसून 'ग्रासिएस' म्हटले आणि सुट्टे हातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी मी सकाळी सकाळी 'बोन दिआ' म्हणत आत गेलो, तर तिने संत्रे फुकट दिले. कोणत्या दुकानात कोणत्या भाषेत तोंड उघडावे, हे बेळगावच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही, पण मी पहिल्या दिवशी विसरलो होतो.

टिळकवाडीची सून

ठरले. बार्सिलोना दोन, लेस्काला दोन, तारागोना चार, आणि शेवटची रात्र पुन्हा दिरांकडे. शहर बदलण्याचा दिवस सोमवार धरला आहे. कुंद्याऐवजी कडबोळी.

येत्या रविवारी सगळे कोल्हापूरला जात आहोत. पोसायडन पाहायचा आहे म्हटल्यावर सासूबाई लगेच तयार झाल्या, मात्र अट घातली आहे की गाडी आधी अंबाबाईला जाईल, नैवेद्य होईल, आणि मग तुमच्या त्या समुद्रदेवाकडे.